खाटेवरचा हुतूतू

"मग दोनशे बारा मुलांचे श्वास कुणी मोजले, बाई? तिनं?" मृदुलानं विचारलं.

डॉक्टर येसूबाई गव्हाणकर चष्मा पुसत राहिल्या. पोलिओच्या वॉर्डात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. उत्तर द्यायची घाई त्यांना कधीच नसे. मृदुलाला या म्हाताऱ्या शांतपणाचा मनस्वी संताप यायचा.

तीन वर्षं ती श्वास मोजायचं यंत्र घेऊन खाटेखाटेशी फिरली होती. आणि बाईंनी शोधनिबंधावर पहिलं नाव घातलं ते रेश्मा मुलाणीचं, वॉर्डात येऊन जेमतेम आठ महिने झालेल्या मुलीचं. का, तर तिनं आजारी मुलांना खाटेवर पडल्या पडल्या एका दमात हुतूतू म्हणायला लावलं. कालच्यापेक्षा आज दम लवकर तुटला, की समजावं, पोलिओ छातीपर्यंत चढतोय. यंत्राच्या आधी कळत होतं. मृदुलाच्याच आकड्यांनी ते सिद्ध झालं, हेच तिच्या जिव्हारी लागलं होतं.

तिनं फाईल टेबलावर आपटली. नावांचा क्रम बदला, नाहीतर माझे आकडे परत नेते, असं तिनं स्पष्ट सांगितलं. आकड्यांवाचून निबंध पडला असता, आणि जिथं यंत्र पोचणार नाही त्या खेड्यातल्या डॉक्टरांना ही युक्ती कळलीच नसती. दोघींना ते ठाऊक होतं.

बाईंनी फाईल तिच्याकडे सरकवली.

"ने. तुझीच आहे. आधी एकदा हुतूतू म्हण."

"मी?"

"शाळेत खेळली असशील की."

"कॅप्टन होते."

"मग म्हण..."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर धरलं. मृदुलानं छाती भरून घेतली. वीस सेकंद. तीस. गळ्याच्या शिरा तटतटल्या, तरी ती थांबेना. चाळिसाव्या सेकंदाला डोळ्यांपुढे काजवे चमकले, आवाज फाटला आणि ती टेबलाची कड धरून वाकली.

"त्रेचाळीस," बाई म्हणाल्या.

धापा टाकत, छातीतला उरलासुरला वारा गोळा करत मृदुलानं विचारलं, "आणि... रेश्माचा?"

बाईंनी घड्याळ सावकाश मनगटाला बांधलं.

"परतीपुरता दम राखावा, पोरी... पलीकडच्या हद्दीत तुटला, तर गडी मेला."