चांदणीचा वंश

"बाबा, खोट नेमकी कुणाची? घोड्याची की माझी?" जयपालने विचारलं.

इनायतबाबा रुस्तमचा पाय मांडीवर घेऊन खुरातला खडा काढत होते.

तापीकाठच्या पीराच्या ओट्यावर बसणारे हे फकीर एके काळी गिराशांच्या पागेत मोतद्दार होते. घोड्यांची निगा राखण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. जयपाल गिरासेला घोड्यावर बसायला त्यांनीच शिकवलं होतं. खाली उतरायला मात्र तो अजून शिकला नव्हता.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"घोडा धडधाकट आहे. वीर्य दिसायला एक नंबर. पण दोन वर्षांत चौदा घोड्या झाल्या, एकही गाभण राहिली नाही. दोष रक्तातला निघाला. एक आईकडून आला, एक बापाकडून. एकच आला असता तर काही बिघडलं नसतं म्हणे." जयपालचा आवाज चढला. "आमच्या पागेच्या रक्तात दोष, बाबा?"

पलीकडे निंबाखाली व्यापारी ताटकळला होता. रुस्तमला आज वरातीत नाचवण्यासाठी देऊन टाकायचं ठरलं होतं.

"वंशावळ म्हण," बाबा म्हणाले.

जयपालची छाती फुगली. "रुस्तमचा बाप सिकंदर. सिकंदरचा तुफान. तुफानचा शहाजोर..." सात नावं त्याने एका दमात म्हटली.

"आता आया सांग."

"रुस्तमची आई मैना."

"मैनेची?"

आया कोण लक्षात ठेवतो? बाजारात विचारतात ते बापच.

"चांदणी," बाबा म्हणाले. "आणि सिकंदरची आई? तीही चांदणीच. दोन्ही शिंगरं माझ्या हातात जन्मली."

जयपाल ओट्यावर बसला. "मैनेला सिकंदर मीच लावला, बाबा. बाहेरचं रक्त नको म्हणून..."

मग तो म्हणाला, "म्हणजे दोष त्या चांदणीचा."

बाबांनी नदीकडे बोट केलं. "तुझे बापू तिथं पुरात सापडले होते."

"माहीत आहे. घोड्यानं वाचवलं, असं सांगायचे."

"घोडी होती. दहा महिन्यांची गाभण. मी अडवत होतो, तरी दावं तोडून पाण्यात शिरली. बापू तिची शेपटी धरून काठाला लागले." बाबांनी रुस्तमचा पाय अलगद खाली ठेवला. "त्यानंतर दोन वर्षांनी तू झालास."

जयपाल उठला. त्याने रुस्तमच्या मानेवर कपाळ टेकलं. तीस वर्षांचं आयुष्य ज्या घोडीमुळे मिळालं, तिचं नाव त्याने आज पहिल्यांदा ऐकलं होतं.

"चांदणी," तो रुस्तमच्या कानाशी म्हणाला.

मग त्याने व्यापाऱ्याला हात जोडून जायला सांगितलं. रुस्तम आता कुठेच जाणार नव्हता.

"पण बाबा, मैना गेली, सिकंदर गेला. याला शिंगरू होणार नाही. म्हणजे चांदणीचा वंश खुंटला."

बाबांनी जयपालकडे नखशिखांत पाहिलं. मग रुस्तमचा लगाम त्याच्या हातात दिला.

"खुंटला कसा? माझ्यासमोर उभा आहे."