डाग न पडणारी वाटी

पुष्कळ वर्षांपूर्वी, आजोबांच्या आजोबांनीही फक्त ऐकलेल्या काळात, डोंगरांमधल्या एका राज्यात एक राजा होता. जमीन पिकत होती, प्रजा कष्टाळू होती, शेजारचे राजे आपापल्या घरी सुखी होते. घाबरावे असे खरे तर काहीच नव्हते. पण ज्याला घाबरायचेच असते, त्याला कारण थोडेच लागते?

या राजाचे वडील एका मेजवानीनंतर अचानक वारले. म्हातारबुवांनी त्या दिवशी एकोणीस पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या, हे सगळ्या राजवाड्याला ठाऊक होते. राजाला मात्र ते पटले नाही. "विषच," तो म्हणाला. त्या दिवसापासून संशयाचे भूत त्याच्या मानगुटीवर बसले ते बसलेच.

विष ओळखायला राजाने स्वतःची एक कसोटी शोधून काढली. घासून लख्ख केलेल्या चांदीच्या वाटीत पदार्थ ओतायचा, प्रहरभर तसाच ठेवायचा, मग काढून टाकून वाटी निरखायची. वाटीला डाग पडला किंवा थर धरला, की तो पदार्थ विषारी. ही युक्ती त्याला इतकी आवडली की ती दुसऱ्या कुणाला विचारून बघावी असे त्याच्या मनातही आले नाही.

लोखंडी कढईत चिंच घालून शिजवलेली पालेभाजी काळपट होते, हे तुमच्या आमच्या घरात कुणालाही माहीत असते. राजाच्या वाटीत काळी कड उमटली. भाजी बंद झाली आणि कढई माळ्यावर गेली. नाचणीच्या आंबिलीने तपकिरी वर्तुळ ठेवले, म्हणून नाचणी बंद. दुधाने कडेला पापुद्रा धरला, म्हणून दूध बंद. विहिरीचे पाणी आटल्यावर तळाशी पांढरी पुटे दिसली, तेव्हा राजाने पावसाचे पाणी रांजणांत साठवायला लावले. आणि मिठाने तर चांदीची झळाळीच घालवली.

"बघा," राजा म्हणाला, "जे चांदीला खातं ते मला सोडेल?"

यावर कोण काय बोलणार? बोलणाऱ्यावरच संशय यायचा.

शेवटी ताटात उरला उखळात सडून सडून मोत्यासारख्या पांढऱ्या केलेल्या तांदळाचा भात, त्यावर तूप आणि साखर. तुपाचा ओशटपणा फडक्याने पुसला की जाई आणि वाटी पुन्हा चकचकीत होई. राजा त्या वाटीत स्वतःचे तोंड बघायचा आणि निश्चिंत मनाने जेवायचा.

वर्ष सरले, तसा वाटीतला तो चेहरा पांढरा दिसू लागला. राजवाड्याच्या बावीस पायऱ्या चढताना राजाला दोनदा बसावे लागे. झोपेत पोटऱ्यांत गोळे येत. नखे फिकी पडून मधोमध खोलगट झाली. एके दिवशी मऊ भात खाताना त्याचा दात तुटला.

आता शहाण्या माणसाने काय करावे? राजाने पहारे वाढवले. वाटी स्वच्छ आहे, तरी अंग ढासळते आहे, याचा अर्थ त्याने एकच काढला. कुणीतरी इतके हुशार आहे की त्याचे विष चांदीलाही कळत नाही.

राजवैद्याने नाडी पाहिली. "महाराज, आपलं पोट भरतंय, पण अंगाला काहीतरी कमी पडतंय. ताट जरा पहिल्यासारखं करून पाहू या."

"म्हणजे ती काळी भाजी? ते खारं जेवण?" राजाने डोळे बारीक केले. "तुम्हाला कुणी पढवलं?" वैद्याने झोळी उचलली आणि तो राज्य सोडून गेला. राजाला वाटले, पळाला.

आता संशयाला उरली एकच व्यक्ती, स्वयंपाकीण गोदाई. राजा रांगत होता तेव्हापासून ती त्याला रांधून घालत होती. पण घरातला माणूसच घात करतो, असे राजाने स्वतःला बजावले. एका सकाळी तो मुदपाकखान्यात गुपचूप शिरला आणि धान्याच्या कणगीमागे उकिडवा बसला. पायात गोळा आला तरी त्याने ओठ चावून कळ सोसली.

गोदाईने भात उतरवला. इकडेतिकडे पाहिले. मग कनवटीची पुरचुंडी सोडून तिने कसलीशी पूड चिमूटभर भातात टाकली आणि लोखंडी पळीने ढवळून घेतली. अगदी थोडी, वाटीला कळणार नाही इतकीच.

"धरा तिला," राजा दाराबाहेरच्या पहारेकऱ्यांवर ओरडला, आणि उठायला गेला तो कणगीला धरूनच.

गोदाई पळाली नाही. "इख न्हाई महाराज. मीठ हाय, अन् भाजलेल्या तिळाची पूड. आज धा महिनं झालं घालतीया. तुमचा चेहरा बघवंना, म्हणून चोरून घालतीया."

"दहा महिने! आणि मी आजारी किती दिवसांपासून आहे?"

"त्याच्या आधीपास्नं," गोदाई म्हणाली. पण राजाला फक्त दहा महिने तेवढे ऐकू आले.

त्याने शिक्षा सुनावली. "या पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत तू कोठडीत राहशील. ती काळी कढई घे, तुझी नाचणी, तुझं मीठ, तुझं विहिरीचं पाणी घे. तू रांधशील ते तूच खायचं. माझ्या अंगावर आहेत त्यांतली एक जरी खूण तुझ्या अंगावर उमटली, तर ते विष ठरलं आणि तुझा कडेलोट."

महिनाभर राजा रोज खिडकीतून कोठडीकडे पाही. गोदाई कोठडीच्या दारातल्या चुलीशी बसून भाकरी थापायची, भाजी परतायची, जेवायची, दारापुढचे अंगण झाडायची. वास सुटला की दारावरचे दोन पहारेकरीही तिच्या पंगतीला बसत. राजाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हिच्याकडे विषाचा उतारा असणार. पहारेकऱ्यांनाही तिने तोच दिला असणार. तो स्वतः आता चोरट्या चिमटीवाचूनचा भात खात होता. पौर्णिमा जवळ आली तेव्हा त्याला अंथरुणातून उठवायला दोघे लागत.

निकालाच्या दिवशी राजाला पालखीतून दरबारात आणले. गोदाई मात्र बावीस पायऱ्या चढून आली आणि समोर ताठ उभी राहिली. तिला दम लागला नव्हता.

"हात दाखव," राजा म्हणाला.

तिने दोन्ही हात पुढे केले. नखे गुलाबी, सपाट. बोटे स्थिर. राजाने पडताळायला शेजारी स्वतःचा हात धरला. त्याची नखे फिकी, खोलगट. दरबारातल्या प्रत्येकाने ते दोन हात पाहिले.

"महाराज," गोदाई हलकेच म्हणाली, "तुमीच म्हणाला हुता, खूण दिसंल त्याच्या ताटात इख. मग आता सांगा, इख कुणाच्या ताटात हुतं?"

राजाने स्वतःचा हात पुन्हा उलटून पाहिला. उतारा, पढवलेले, फितूर, सगळे शब्द जिभेवर आले होते. पण त्याच्या स्वतःच्या हाताला कोण फितवणार?

"तू घालायचीस तरी काय मला?" त्याने विचारले. या वेळी तो खरोखरच विचारत होता.

"मातीतलंच जरा जरा. हाडाला चुना लागतो, रक्ताला लोखंड लागतं, अंगाला मीठ लागतं. धान्याच्या कोंड्यात, पाल्यात, हिरीच्या पाण्यात ते आपसूक येतं. तुमी डाग म्हणून तेवढंच वेचून काढलं. लागतं चिमूटभर. मूठभर घातलं असतं, तर तुमी मला धरलं ते बरूबर झालं असतं."

राजाने आपली चांदीची वाटी मागवली. गोदाईने कढईतली काळपट भाजी तीत वाढली.

"परहरभर ठिवायची का, महाराज?"

"नको," राजा म्हणाला, आणि त्याने पहिला घास घेतला.

तो एका रात्रीत बरा झाला नाही. पायऱ्या न थांबता चढायला पुढचा हिवाळा उजाडला. तुटलेला दात तुटलेलाच राहिला. वैद्याला बोलवायला तीनदा माणसे गेली, पण ज्याच्या शब्दावर राजाने विश्वास ठेवला नाही, त्याने परत का यावे? ते शल्य राजाला जन्मभर टोचत राहिले. त्या वाटीला मात्र पुढे काळी कड धरली, आणि राजाने ती पुन्हा कधी लख्ख घासू दिली नाही.

तात्पर्य: शरीराला जे चिमूटभर लागते तेही लागतेच; संशयापायी ते वेचून टाकणारा भरल्या ताटावर उपाशी राहतो.