अडखळता उंदीर

"...पण बुवा, गुरुमंत्राचा आणि या डबड्याचा संबंध काय?"

हेरंबने विचारलं ते दात-ओठ खात. तालुक्याला त्याचा कॉम्प्युटरचा क्लास. निम्मा तालुका त्याच्या हाताखालून गेलेला. आणि मठातला हा कॉम्प्युटर त्याला भीक घालत नव्हता. माउस सरकवावा, तर पडद्यावरचा बाण जागच्या जागी ढिम्म... मग एकदम बेडकासारखी उडी.

उद्या हेरंब नोकरीसाठी बंगळूरला निघणार होता. त्याआधी मंत्र हवा होता. बुवांची अट एवढीच: मठातली जुनी भजनं ज्यावर टाइप करतोस ते यंत्र आधी सुरळीत कर, मग बघू.

"संबंध नाही कसा? मला फुकटात तमाशा बघायला मिळतो!" बुवा खिदळले. दिवसभर चिंच चोखत बसायचे, म्हणून सगळे त्यांना चिंचबुवाच म्हणत. "नाव हेरंब, आणि उंदीर ऐकत नाही! वर कैलासात कळलं तर तोंड कुठं लपवशील?"

हेरंबने माउस पालथा करून पुसला. वायर ओढून बघितली. दुसरा माउस लावला. बाण तसाच. मग आपल्या लोकांचा रामबाण उपाय: राइट क्लिक, रिफ्रेश. राइट क्लिक, रिफ्रेश. ज्याला काही येत नाही तो हेच करतो, आणि ज्याला सगळं येतं तोही.

"हे काय करतोस?"

"रिफ्रेश."

"त्यानं काय होतं?"

"...बरं वाटतं."

"मशीनला?"

"...मला."

"अरे वा! म्हणजे जपच चाललाय की."

हेरंब चिडला. यंत्राच्या पोटात काय काय चाललंय, ते त्याने पडद्यावर उघडून पाहिलं. पाहिलं, आणि कपाळावर हात मारला.

"काय रे? साप निघाला?"

"राखणदार निघाले, बुवा. व्हायरस पकडायला बसवतात ते. एक पुरतो, इथे झुंड आहे. जो तो प्रत्येक फाइल हुंगतोय. वर एकमेकांनाच चोर समजून पाळत ठेवतायत. बाणाला हलायला जागा कुठून मिळणार?"

"आणि खरा चोर?"

"एकही नाही."

"मग इतके राखणदार बसवले कुणी?"

"मीच. मशीन हळू झालं की वाटायचं, आधीचा कुचकामी. की टाक दुसरा."

"आधीच्याला नारळ द्यायचास."

"भीती वाटली. म्हटलं, असू दे."

बुवांनी चिंचोका फू करून अंगणात उडवला.

हेरंबने एक ठेवला, बाकीचे काढले. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. बाण लोण्यावरून घसरावा तसा पळाला! हेरंबने तो उगाचच गरगर फिरवला आणि पोरासारखा हसला.

"झालं, बुवा! आता मंत्र!"

"देतो की. आधी कुणाचा घेतलायस?"

हेरंब चाचरला. "एक नदीकाठच्या महाराजांचा. त्यानं मन लागेना, म्हणून मग एका माताजींचा. आणि एक... शिबिरात मिळाला."

"जपतोस कुठला?"

"सगळेच. आळीपाळीनं. एखादा सोडला आणि काही वाईट झालं म्हणजे?"

बुवा इतके हसले की त्यांना ठसका लागला. डोळे पुसून म्हणाले, "ये असा. कान कर इकडे."

हेरंबने हात जोडले, डोळे मिटले.

बुवांनी त्याच्या कानात जोरात फुंकर मारली. फूऽऽ!

मान धरून वळवली. दुसऱ्या कानात, फूऽऽ!

हेरंब वाट बघत राहिला... शब्द काही येईना.

"बुवा, मंत्र?"

"गुरू कान फुंकतो म्हणतात ना? फुंकले."

"पण त्यात अक्षर कुठं होतं?"

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं. अंगणातल्या चिंचेत वारा शिरला होता. कुठेतरी साळुंकी बोलत होती...

"आता काही ऐकू येतंय का बघ."