ठकूआईच्या अंगावरच्या घोंगड्या

ऐका. ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट, हिवरमाळच्या ओढ्याला वैशाखातही पाणी असायचं तेव्हाची. आता ओढा कोरडा आहे. गोष्ट आहे. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं, पुढं हसायला जागा नाही.

हिवरमाळ हे सणगरांचं गाव. सणगर म्हणजे घोंगड्या विणणारे. घराघरात माग, बाया लोकर कातायच्या, गडी विणायचे, आणि गावभर घोंगडीला लावायच्या चिंचोक्याच्या खळीचा वास. मूल जन्मलं की घोंगडीवर, नवरा-नवरी बसायची घोंगडीवर, पंच बसायचे घोंगडीवर. त्यामुळं गावाच्या डोक्यात एक बसलं होतं, की घोंगडीनं जाणार नाही असं दुखणंच नाही. ताप आला की घोंगडी घाला. उतरला नाही की दुसरी घाला. दार लावा, झरोक्यात बोळा कोंबा, आणि पाण्याचा थेंब देऊ नका. घाम फुटला की ताप जातो, पाणी पाजलं की आत दडून बसतो, असं जाणती माणसं सांगायची. जाणती म्हणे.

या गावात ठकू नावाची सणगरीण होती. नवरा मेंढरांमागं गेला तो परत आलाच नाही. एक पोरगा होता, भिवा. त्याला ताप आला तेव्हा तिनं गावाच्या रीतीनं केलं. स्वतः कातलेल्या लोकरीची घोंगडी घातली, वर शेजारणीनं दिलेली घातली, दार लावलं. पोर आतून म्हणायचं, “आये, पाणी.” ती म्हणायची, थांब बाळा, घाम येऊ दे. घाम आला नाही. पोर गेलं. घोंगडी उचलली तेव्हा त्याची जीभ वाळलेल्या पानासारखी झाली होती, असं म्हणतात.

ठकू रडली नाही. ती माळावर जाऊन बसली. तिथं तिनं एक मेंढी बघितली. मेंढीला ताप भरला होता, कान तापलेले, मान खाली. ती कळप सोडून ओढ्यात गेली, पाण्यात पाय बुडवून उभी राहिली, थोडं पाणी प्याली, पुन्हा उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ती चरत होती. ठकू तिच्याकडं बघत राहिली. मेंढराला कळलं ते एवढ्या मोठ्या गावाला कळलं नव्हतं. मग ती रडली. तिचं रडणं ओढ्यानं गावापर्यंत वाहून आणलं, असं म्हणतात.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गावात तापाची साथ आली. सिदू सणगर गावातला सगळ्यात मोठा विणणारा. त्याची घोंगडी पाणी पिणार नाही अशी घट्ट. त्याची सून केरा तापानं फणफणली, आणि सिदूनं तिच्यावर घरातल्या होत्या नव्हत्या त्या घोंगड्या रचल्या. ठकू बोलावल्याशिवाय आत शिरली. आधी तिनं हाताची मागची बाजू केराच्या कपाळाला लावली, मग तळपायाला लावली, आणि एकेक घोंगडी ओढून अंगणात फेकली.

सिदू दारात आडवा आला. “वैनी, घोंगडीनं माणूस मरतं म्हणतेस? मग आम्ही जन्मभर काय विणतो?”

“तुमची घोंगडी वाईट नाही, भावजी. ती कधी घालायची ते तुम्हाला कळत नाही. तळपाय गार असला, अंग कापत असलं, की घाला. तळपाय तापला की काढा. हात लावून बघा, एवढंच सांगते. हाताला कळतं.”

तिनं दार उघडलं, झरोक्यातला बोळा काढला. ओढ्याचं पाणी उन्हात ठेवून कोमट केलं, कारण एकदम गार पाण्यानं अंग दचकतं आणि ताप उलटा चढतो असं ती म्हणायची. ओल्या फडक्यानं मान पुसली, काखा पुसल्या, जांघा पुसल्या. घोट घोट पाणी पाजलं, मग मीठ घातलेली पातळ आंबील. बाया दारात उभ्या राहून कुजबुजल्या, की आता ही सिदूची सून मारणार आणि वर आंबील पिऊन जाणार. ठकूनं ऐकलं आणि आतूनच सांगितलं, की कुजबुजायला तोंड आहे तर पाणी आणायला हात असतीलच, घागर घ्या. घागर घेतली त्यांनी. केरा जगली.

मग ठकू घरोघर फिरली. जिथं गेली तिथं आधी हात, मग पाणी. हळूहळू तिचा डावा तळवा ओढ्यातल्या दगडासारखा गार झाला आणि उजवा चुलीजवळच्या दगडासारखा ऊबदार, असं म्हणतात. तिनं इतक्या माणसांचा ताप ओढ्याच्या पाण्यात धुतला, की ओढ्याचं पाणीच तापलं, मासे काठाला येऊन तोंड वर काढायचे, आणि तेव्हापासून ओढा आटत गेला, असंही म्हणतात. खरं-खोटं करायला ओढा उरला नाही.

साथ सरली. मग हिवाळ्यात गारपीट झाली, आणि मेंढरं राखणारा एक मेंढका माळावर लाकडासारखा गारठलेला सापडला. ओठ निळे, कापणंही थांबलेलं. लोकांनी त्याला उचलून थेट निखाऱ्यांजवळ नेलं. ठकूनं आडवं येऊन थांबवलं. म्हणाली, गोठलेल्या अंगाला आग दाखवू नका, कातडी भाजेल आणि आत गारठा तसाच राहील. त्याचे ओले कपडे काढा, रगडू नका, दारू पाजू नका. तिनं त्याला दोन लेकुरवाळ्या मेंढ्यांच्या मधे निजवलं आणि सिदूला हाक मारली, “भावजी, आता आणा तुमची घोंगडी.” सिदूनं सगळ्यात चांगली आणली. मेंढ्या जागच्या हलल्या नाहीत, मेंढका डोळे उघडेपर्यंत त्याच्यावर श्वास सोडत राहिल्या, असं म्हणतात. सिदू त्या दिवशी तिच्या पाया पडला. सिदू पडला म्हणून गाव पडलं. ठकूची ठकूआई झाली.

इथंच घात झाला. ऐका नीट.

गाव तिच्यासमोरून वाकून जाऊ लागलं. तिच्या ओट्यावर बसायचं बंद केलं. तिच्याशी भांडणंसुद्धा बंद केलं. ती म्हणायची, अरे मेल्यांनो, हात लावून बघायला शिका, मी काय जन्माला पुरणार आहे. लोक हात जोडायचे आणि म्हणायचे, तुम्ही आहात की. शिकलं कुणी नाही. केरा तेवढी तिच्या मागं मागं जाऊन शिकली.

मग ठकूआई तापानं पडली. आधी तिला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, आणि तिनं स्वतःच्या तोंडानं घोंगडी मागितली. तेव्हा ते बरोबरच होतं, पाय गार होते. सिदूनं आपली घोंगडी घातली. बातमी फिरली की आईनं घोंगडी मागितली. मग काय विचारता. ज्याच्या त्याच्या घरात तिनं वाचवलेलं माणूस. घराघरातून घोंगडी आली, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली आली, मागावरून त्याच दिवशी उतरवलेली आली. ज्याची घातली नाही त्याला वाईट वाटायचं. घोंगड्यांचा ढीग झाला आणि ढिगाखाली ती.

हुडहुडी गेली आणि आग चढली. ती म्हणाली, “काढा. पाणी द्या.”

लोकांनी एकमेकांकडं बघितलं. आत्ताच तर घोंगडी मागत होती. तापात बरळते आहे, असं ठरलं. आणि कपाळाला हात कोण लावणार? गावाला ती आता देवाच्या जागी होती, आणि देवाच्या कपाळाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. जिनं सगळ्या गावाच्या अंगाला हात लावला, तिच्या अंगाला एक हात लागला नाही.

केरा पुढं झाली. तिनं घोंगड्यांखाली हात सारून तळपाय चाचपला आणि म्हणाली, “मामंजी, पाय पेटलेत. काढा हे सगळं.”

सिदू म्हणाला, “गावाची माया आहे ती. ती काढून फेकतेस?”

“ठकूआत्या स्वतः सांगत्यात.”

“ती नाही बोलत. ताप बोलतोय.”

केरानं वरची घोंगडी ओढली. चौघींनी तिला धरून बाहेर नेलं. दार लागलं. बाहेरून तिला ऐकू येत राहिलं, काढा, पाणी, काढा, पाणी. मग नुसतं पाणी. मग काही नाही.

दार उघडलं आणि लोकांनी घोंगड्या काढायला घेतल्या. वरच्या गार होत्या. खाली जावं तशा तापत गेल्या. सगळ्यात खालची सिदूची. ती आतल्या बाजूनं करपली होती आणि त्या करपल्या जागी दोन तळव्यांचे ठसे होते, वर ढकलणारे, असं म्हणतात. सिदूनं ते ठसे बघितले आणि त्यांच्यावर आपले तळवे ठेवले. तो पुन्हा मागावर बसला नाही. मरेपर्यंत ओढ्यातून पाणी आणायचा आणि माळावर तिच्या नावानं मांडलेल्या दगडावर ओतायचा.

तो दगड अजून आहे. वैशाखात माळावर पाय ठेववत नाही, पण त्या दगडाची डावी बाजू गार असते. लावून बघा हात, कुणी अडवत नाही. उलट हिवरमाळात नवी सून आली की तिला आधी तिथंच नेतात, आणि केराची शिकवण सांगतात: हाताची मागची बाजू कपाळाला, मग तळपायाला. मग पांघरूण की पाणी ते ठरव. आणि माणूस पाणी मागत असेल तर तो ताप बोलत नाही, माणूस बोलतो.

वर्षातून एकदा, ठकूआई गेली त्या दिवशी, घराघरातून एक घोंगडी येते आणि दगडावर रचली जाते. नवस नाही, नारळ नाही. गावच्या सुना एकेक घोंगडी काढतात. त्या दिवशी सुनेचा हात कुणी धरत नाही. सगळ्यात खालची घोंगडी सिदूच्या घरची असते, आणि ती त्या घरातल्या कर्त्या पुरुषानं स्वतः काढायची, डोक्याचं पागोटं उतरवून. मग त्यानं तांब्या हातात घेऊन खाली वाकायचं, दगडाला हात लावायचा आणि विचारायचं, “आई, पाणी देऊ?”

आणि सगळ्या गावानं गप्प उभं राहायचं. दगड काही बोलत नाही. तरी थांबतात. ती गेली त्या दिवशी ऐकायला थांबले नव्हते म्हणून थांबतात. मग ओततात.