दोन मोहरांचा वटाव

एके काळी एका नगरात एक वृद्ध आचार्य राहत असत. साऱ्या राज्यात त्यांच्या तोडीचा गणिती नव्हता, आणि तरीही दर वर्षी ते जाणूनबुजून एक तोट्याचा व्यवहार करीत. हे मी मुद्दाम आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे ऐकताना तुम्ही त्यांना वेड्यात काढणार आहात. खुशाल काढा. त्या नगराने तेच केले होते.

व्यवहार आधी समजून घ्या, अवघड नाही. त्या राज्यात नदीचे बांध घालायला आणि सैन्य पोसायला राजाला पैसा लागे. तो प्रजेकडून घेतला जाई आणि बदल्यात राजकोषाची चिठ्ठी मिळे. आज पंच्याण्णव मोहरा कोषात भरायच्या, वर्ष भरले की चिठ्ठी दाखवून शंभर घ्यायच्या. तुम्ही आज ज्याला ट्रेझरी बिल म्हणता आणि ज्याची तारीख मोबाईलमध्ये लावून ठेवता, त्याचाच हा पणजोबा समजा. चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहिलेल्या असत. एक मुदतीची तिथी आणि दुसरा शंभराचा आकडा. भरलेल्या पंच्याण्णवांचा उल्लेख कुठेच नसे. एवढे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मुदतीच्या आत कोष एक मोहोरही देत नसे. कोणाला अगदीच अडचण आली, तर कोषागाराच्या कमानीखाली एक दलाल बसलेला असे. तो चिठ्ठी ठेवून घेई, आपला वटाव कापी आणि उरलेल्या मोहरा हातावर ठेवी. मुदत जितकी दूर, तितका वटाव मोठा. याला चिठ्ठी मोडणे म्हणत. आणि चिठ्ठी मोडणारा माणूस एक तर जुगारी असणार किंवा कफल्लक, अशी त्या नगराची पक्की समजूत होती. सोयरीक जुळवताना मुलीचा बाप आधी विचारी, "तुमच्या घरात कधी चिठ्ठी मोडलीय का?" मोडली असेल तर पुढचे बोलणेच होत नसे.

अशा नगरात आचार्य दर मार्गशीर्षात, आपल्या चिठ्ठीचे अकरा दिवस उरले असताना, सकाळी स्नान करून कमानीखाली जात आणि ती मोडत. दलाल दोन मोहरा कापी, अठ्ठ्याण्णव देई. मग आचार्य म्हणत, "त्या कापलेल्या दोन जरा माझ्या हातावर ठेव." दलाल ठेवी. आचार्य त्या दोन मोहरांकडे बराच वेळ पाहत उभे राहत, मग त्या परत देऊन घरी जात. अकरा दिवस थांबले असते तर शंभर पुरे मिळाले असते, हे त्यांना कळत नव्हते थोडेच? वटावाचे गणित नगरातल्या अर्ध्या व्यापाऱ्यांना त्यांनीच शिकवले होते. एकतीस वर्षे हे चालले होते. त्या दिवशी कमानीपाशी हौशी मंडळी मुद्दाम जमत.

आचार्यांचा एक जुना शिष्य होता, श्रीरंग नावाचा. शिकून झाल्यावर तो एका धान्याच्या वखारीत हिशेब लिहायला लागला होता. त्याला आई नव्हती, बाप नव्हता. वेणूताई नावाच्या थोरल्या बहिणीने पळसाच्या पत्रावळी लावून त्याला वाढवले आणि शिकवले. तिच्या बोटांची टोके पाने टाचायच्या बांबूच्या चोयांनी कायमची चिरलेली असत. पत्रावळींतूनच तिने बारा वर्षांत पंच्याण्णव मोहरा जमवल्या होत्या, आणि आयुष्यातली पहिली चिठ्ठी घेतली होती. चिठ्ठी श्रीरंगाच्या हाती देऊन ती म्हणाली होती, "रंगा, आपण शंभराचे धनी झालो बघ." घरावर कौले घालायची तिची फार दिवसांची इच्छा होती.

त्या वर्षी आचार्यांचा गुडघा धरला होता, म्हणून कमानीपर्यंत सोबतीला श्रीरंग गेला. नेहमीप्रमाणे मंडळी जमली होतीच.

"या आचार्य," दलाल म्हणाला, "म्हटलं यंदा तरी शहाणपण आलं असेल."

"नाही आलं," आचार्य म्हणाले. "मोड."

मागून कोणी तरी म्हणाले की, ज्याला शंभरात दोन मिळवता येत नाहीत तो आमच्या पोरांना गणित शिकवतो. लोक हसले. आचार्यांनी दोन मोहरा हातावर घेतल्या, पाहिल्या, परत दिल्या. श्रीरंगाचे कान तापले होते. बाजारपेठ संपून नदीकडची वाट लागली, आणि मग मात्र त्याचा तोल गेला.

"गुरुजी, रागावू नका, पण हे बघवत नाही. आमच्या घरात माणूस आजारी आहे. पैसा पाहिजे, तरी मन घट्ट करून मुदत सांभाळतोय मी. आणि तुम्ही काही कारण नसताना मोडता?"

आचार्य जागच्या जागी थांबले. "घरात कोण आजारी आहे?"

"ताई. पोटात गाठ आहे म्हणतात. संगमावरच्या शल्यवैद्यांकडे न्या, असं आपल्या वैद्यांनी सांगितलंय. चाळीस मोहरा लागतील. चार दिवसांनी मुदत भरतेय, लगेच नेतो."

"वैद्यांनी कधी सांगितलं?"

"सतरा दिवस झाले."

"काय सांगितलं? त्यांचेच शब्द सांग."

श्रीरंगाने खाली पाहिले. "आजच न्या, म्हणाले होते."

आचार्य वाटेकडेच्या दगडावर बसले. "मग नेलं का नाहीस?"

"दलाल तीन मोहरा कापणार होता. ताईच म्हणाली, बारा वर्षं लागली शंभर व्हायला, तीन अशा फुकट घालवू नकोस. एकवीस दिवस तर राहिलेत, मी कळ काढते. वखारीच्या मालकांकडे उसने मागितले असते, पण घरात शंभराची चिठ्ठी असताना हात कोणत्या तोंडाने पसरू?"

आता आचार्य जे बोलले ते मी जसेच्या तसे सांगतो. ते थोडेच बोलले, आणि घाईने बोलले.

"एकतीस वर्षांपूर्वी माझ्या घरात ताप होता. माझ्या बायकोला, कुमुदला. परदेशी व्यापाऱ्याकडे मात्रा होती, वीस मोहरांची. माझ्याजवळ चिठ्ठी होती, अकरा दिवस उरलेली. दलाल दोन कापणार होता. तीही म्हणाली, अहो, अकरा दिवसांत काय होतंय, मोडू नका. आणि मला ते पटलं, कारण मी गणिती. नवव्या दिवशी ती गेली. बाराव्या दिवशी कोषाने मला शंभर मोजून दिले, एक कमी नाही. श्रीरंग, त्या दोन मोहरा माझ्या नव्हत्याच रे. मी पंच्याण्णव भरले होते. अठ्ठ्याण्णव मिळत होते, म्हणजे वर तीन मिळत होत्या. पण कागदावर शंभर लिहिलेले होते ना. पहिल्याच दिवशी ते वाचून मी मनात शंभरांचा मालक झालो, आणि जे कधी माझं नव्हतं ते वाचवायला जी माझी होती तिला बसवून ठेवलं. दर वर्षी त्या दोन मोहरा हातावर घेऊन बघतो, केवढ्या होत्या त्या. फार लहान असतात. लोकांपुढे बघतो, म्हणजे कोणी तरी विचारील की म्हाताऱ्या, हे का करतोस? एकतीस वर्षांत कोणी विचारलं नाही. तू विचारलंस, तेही आज."

एवढे बोलून त्यांनी अठ्ठ्याण्णव मोहरांची थैली शिष्याच्या हातात कोंबली. "परत कमानीकडे जाऊ नकोस. तेवढाही वेळ घालवू नकोस. गाडी कर आणि निघ."

श्रीरंग धावला. तासाभरात बैलगाडी जुंपून झाली. गाडीत गवत अंथरून त्याने ताईला निजवले. ती पार वाळली होती, पोट तेवढे फुगलेले. गाडी नगराबाहेर पडली तेव्हा तिने विचारले, "मोडलीस का रे?"

"नाही ताई. गुरुजींनी दिले."

"मग ठीक," ती म्हणाली. तिला खरोखर बरे वाटले. हे सांगताना मला राग येतो, पण खरेच तिला बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते संगमावर पोहोचले. शल्यवैद्यांनी पोट चाचपले, डोळे पाहिले, नाडीवर बोटे ठेवून ते बराच वेळ बसले. मग श्रीरंगाला ओसरीवर घेऊन गेले. "गाठ फुटली आहे. पंधरा दिवस आधी आणली असती तर हात लावला असता. आता मी लावणार नाही, लावून उपयोग नाही. थोडी अफू देतो, दुखायचं कमी होईल." त्यांनी चाळीस मोहरा घेतल्या नाहीत. अफूची एक मोहोर घेतली.

वेणूताई तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. आदल्या दिवशी तिने दोनदा विचारले की मुदत भरायला किती राहिले, आणि श्रीरंगाने दोन्ही वेळा नीट मोजून सांगितले. दुसरे काय करणार होता तो?

संगमावरच अग्नी देऊन तो परतला. मुदत भरून गेली होती. त्याने कोषात चिठ्ठी दाखवली आणि कारकुनाने शंभर मोहरा मोजून दिल्या. "मोजून घ्या, पुऱ्या आहेत," कारकून म्हणाला. पुऱ्याच होत्या. त्या घेऊन तो आचार्यांकडे गेला, गाडीला आणि अफूला गेलेल्या त्यातून भरून अठ्ठ्याण्णवांची थैली त्याने त्यांच्यापुढे ठेवली. आचार्यांनी थैलीला हात लावला नाही. त्यांनी काही विचारलेही नाही, कारण श्रीरंगाच्या डोक्यावरचे केस काढलेले त्यांना दिसत होते.

"आणखी एखादं वर्ष आधी विचारलं असतं तर," श्रीरंग म्हणाला. "दर वर्षी मी ऐकत होतो. लोक हसायचे तेव्हा मलाही वाटायचं, म्हातारपणी होतं असं. मी मनात हसत होतो, गुरुजी."

"मीही आपण होऊन सांगायला हवं होतं," आचार्य म्हणाले. "लाज वाटायची. त्यापेक्षा वेड्यात काढून घेणं सोपं होतं."

इथे तुम्हाला वाटेल की गोष्ट आता वळेल. नगराला कळेल, लोक शहाणे होतील, कमानीवर काही तरी कोरले जाईल. तसे काही झाले नाही. लोकांना एवढेच कळले की वेणूबाई गेली आणि तिच्या भावाने चिठ्ठी मात्र मोडली नाही, आणि याबद्दल त्याचे कौतुकच झाले. दोन स्थळे सांगून आली.

कोषातून मिळालेल्या मोहरांतून श्रीरंगाने पंच्याण्णव भरून नवी चिठ्ठी घेतली. घरावर कौले घातली नाहीत. पुढच्या वर्षी चिठ्ठीचे एकवीस दिवस उरले असताना सकाळी स्नान करून तो कमानीखाली गेला. आचार्य काठी टेकत सोबत आले होते.

"घ्या," दलाल जमलेल्यांकडे बघत म्हणाला, "आता शिष्यालाही लागण झाली." लोक पोट धरून हसले. वर्षातून दोनदा करमणुकीची सोय झाली होती.

दलालाने वटाव कापून सत्त्याण्णव मोजले.

"कापलेल्या जरा हातावर ठेवा," श्रीरंग म्हणाला.

दलालाने त्याच्या तळहातावर तीन मोहरा ठेवल्या. श्रीरंग पाहत राहिला. मुठीत पुरत्या हरवल्या असत्या, एवढ्याशा होत्या. ताईची चिरलेली बोटे त्याला आठवली, आणि त्याला तिथे भर बाजारात रडू आले. लोकांना वाटले, तीन मोहरांसाठी रडतोय.

त्याने मोहरा परत दिल्या. दोघे नदीच्या वाटेला लागले तेव्हा आचार्यांनी विचारले, "किती होत्या?"

"तीन."

"माझ्या दोन होत्या," आचार्य म्हणाले.

कमानीखालचे हसणे त्यांना वळणापर्यंत ऐकू येत होते. का मोडलीस, असे त्याही दिवशी कोणी विचारले नाही.