फांदीवरची खार

एका जुन्या कार्टूनमालिकेत सिंह फुशारक्या मारी आणि समोरच्या फांदीवर बसलेली चिमुकली खार डोळे विस्फारून ऐके. ती बोलत मात्र कधीच नसे.

“ही फुकटी कशाला? उडवा तिला!” निर्माते भाऊसाहेब रसाळ कडाडले.

चित्रकार शालनताईंना ते पटलं नाही, पण त्यांनी हुज्जत घातली नाही. प्रत्येक पात्र वेगळ्या पारदर्शक कागदावर काढलेलं असे. त्यांनी खारीचे कागद तेवढे काढून घेतले आणि नवा भाग दाखवला. सिंह रिकाम्या फांदीपुढे एकटाच बडबडत होता.

“हा तर वेडा दिसतोय! सिंहाला काय केलंत?”

“सिंहाला हातही लावला नाही, साहेब. त्याला राजा मानणारी एकटीच होती, तिला काढलं.”

भाऊसाहेबांनी रिकाम्या फांदीकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाले, “बसवा परत. आणि फांदी जरा पुढे घ्या, नीट दिसू दे तिला.”