तांब्या बैलाचा परवाना

"करंजपुरात गाडी हाकायची तर परवाना हवा," नाकेदार म्हणाला, "आणि परवाना हवा तर करंजपूरच्या रस्त्यावर वर्षभर गाडी हाकल्याचा दाखला हवा."

"परवान्याशिवाय हाकू देता का?" हौसाने विचारलं.

"छे छे. बैल जप्त होतात."

"मग वर्षभर हाकायची कशी?"

नाकेदाराने पान जमवलं, तोंडात टाकलं आणि ते चावून होईपर्यंत विचार केला. "ते तुझं तू बघ," तो म्हणाला.

हौसा कुंभाराची लेक. पुराने गाव धुऊन नेलं, तशी ती म्हाताऱ्या बापाला गाडीत बसवून घाट ओलांडून या राज्यात आली. जोडीतला एक बैल वाटेत विकावा लागला, उरला सर्ज्या. वेशीबाहेर झोपडी घातली, चाक मांडलं आणि बापलेकीने संक्रांतीसाठी पाचशे सुगडं भाजून काढली. आता संक्रांत चार दिवसांवर आली होती आणि बाजार दीड कोसावर, थेट राजवाड्यासमोर. डोक्यावरून नेऊन नेणार किती? आणि संक्रांत उलटली की सुगडाकडे कुत्रंसुद्धा बघत नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंतची भाकरी त्या पाचशे सुगडांत होती.

हौसाने सरळ राजवाडा गाठला.

राजा गंभीरराव नावापुरताच गंभीर, पण हट्टी असा की एकदा नाही म्हटलं की सासूबाईंनाही नाहीच. परवान्याचा नियम त्याने स्वतः केला होता आणि तो त्याला फार आवडायचा.

"महाराज, तिकडच्या मुलखात मी बारा वर्षं गाडी हाकली," हौसा म्हणाली. "मडक्यांनी भरलेली गाडी घाटातून उतरवली, एका मडक्याचा टवका उडाला नाही."

"तिकडचे घाट तिकडे. इथला रस्ता निराळा आहे."

"निराळा म्हणजे कसा?"

राजा जरा अडला. "म्हणजे, इथला आहे," तो म्हणाला. दरबारातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

"मग तो शिकायचा कसा, तेवढं तरी सांगा."

राजा अडला की पैज लावायचा, ही त्याची जुनी खोड. "ऐक पोरी! परवा सकाळी तुझी भरलेली गाडी वेशीपासून माझ्या दारात आण. पण तू हाकायची नाहीस, कारण तुला परवाना नाही. परवानेवाल्यानेही हाकायची नाही, नाहीतर त्यात तुझं काय कौतुक? कोणी ओढायची नाही, ढकलायची नाही, बैलाला हूं की चूं करायचं नाही. आली तर परवाना. नाही आली तर आलीस तशी घाट चढून परत जा."

घरी येऊन हौसा डोकं धरून बसली. बाप म्हणाला, "जाऊ दे गं, पुन्हा गाशा गुंडाळू." त्याचा तो सुकलेला आवाज ऐकून तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाहेर आरडाओरडा झाला. शेजारचा माळी दोरी हातात घेऊन बैलामागे धावत होता. हे रोजचंच होतं. तांब्या नावाचा हा बैल बारा वर्षं वेशीजवळच्या विहिरीवरून राजवाड्यात पाण्याची गाडी ओढायचा. म्हातारा झाला म्हणून माळ्याला देऊन टाकला, पण ते बैलाला कोणी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी दावं तोडून तो थेट राजवाड्याच्या दारात पेंडीची वाट बघत उभा राहायचा.

हौसा झोपडीबाहेर धावली. "माळीदादा, तुमचा बैल एक दिवस मला द्या."

"एक दिवस कशाला? महिनाभर ने बाई, मला तेवढी झोप तरी मिळेल."

ठरल्या दिवशी हौसाने पेंढ्यात पाचशे सुगडं रचली, सर्ज्याच्या जोडीला तांब्या जुंपला, कासरा गाडीला बांधून टाकला आणि पेंढ्यावर गोधडी ओढून आडवी झाली. देखरेखीला नाकेदार बरोबर चालणार होता.

तांब्याने कान हलवले आणि निघाला. सर्ज्या बावचळला, पण जू एकच! गेला बिचारा बरोबर. वाटेत दूधवाल्यांच्या गाड्या आडव्या आल्या तसा नाकेदाराचा जीव खालीवर झाला. "अरे थांब, थांब..." त्याच्या तोंडून निघणारच होतं.

"नाकेदार, गप्प बसा," गोधडीतून आवाज आला. "नाहीतर गाडी तुम्ही हाकली असं होईल."

नाकेदाराने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. तांब्या आपणहून थांबला, गाड्या जाऊ दिल्या, चिखलाचा खड्डा डावीकडून चुकवला आणि राजवाड्याच्या दारात येऊन पेंडीसाठी हंबरला.

राजा धावत बाहेर आला. "गाडी कोणी हाकली?"

"कोणीच नाही, महाराज," नाकेदार कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "मला गप्प केलं आणि बाई घोरायला लागली."

हौसा गोधडी झटकत खाली उतरली. "इथल्या रस्त्याचा वर्षभराचा अनुभव मागितला होतात, मी बारा वर्षांचा आणलाय. आणि हा माझा सर्ज्या बघा. आजवर या रस्त्यावर त्याचं खूर पडलं नव्हतं, आज सगळा रस्ता शिकून आला. नवा बैल जाणत्याच्या जोडीला जुंपतात, महाराज. त्याच्याकडे आधी वर्षाचा दाखला कोणी मागत नाही."

राजा मिशी कुरवाळत राहिला.

"आता परवाना तांब्याला द्यायचा असेल तर द्या, मी त्याची उतारू म्हणून बसेन," हौसा म्हणाली. "फक्त त्याच्याकडून काही चुकलं, तर बैल म्हणून जप्त करायचं की गाडीवान म्हणून दंड करायचा, तेवढं आत्ताच ठरवून ठेवा!"

राजा हसायला लागला तो पायरीवर बसून हसला. पागोटं घरंगळत तांब्यापुढे गेलं, तांब्याने ते हुंगून पाहिलं, तशी राजाला आणखीच उबळ आली. राणीसाहेब बाहेर आल्या आणि पाचशेतलं एकही सुगड तडकलेलं नाही हे बघून पहिली पाच त्यांनीच उचलली. दुपारपर्यंत बाजारात हौसाच्या गाडीत नुसता पेंढा उरला.

तिला परवाना तिथल्या तिथे मिळाला. परमुलखातून येणाऱ्याने आठ दिवस इथल्या गाडीवानाशेजारी बसावं आणि नवव्या दिवशी परवाना न्यावा, असा नवा नियम झाला. माळ्याने तांब्या हौसालाच देऊन टाकला. तांब्याला जन्मभराची पेंड लागू झाली आणि गळ्यात परवाना म्हणून तांब्याचा बिल्ला आला. तेव्हापासून हौसाची गाडी वेशीवर आली की नाकेदार आधी बैलाचा बिल्ला तपासायचा, मग हौसाचा परवाना.